साचा

एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे साचे भरले.
पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं हाउसिंग,
एकदा कागलच्या एका देवळाची घंटा.
काळी वाळू किती ओली ठेवायची
ते मुठीत दाबलं की बोटांनाच कळतं.

आज माझाच साचा घेतायत.

इचलकरंजीची एक पोरगी
प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात बुडवते,
तो साईसारखा लुळा पडतो,
मग माझ्या तोंडावर, मानेवर, खांद्यापर्यंत
हातानं दाबत बसवते.
"काका, गिळू नका. हलू नका."
मनात म्हटलं, बाळ, साच्याला हे सांगावं लागत नाही.
दहा मिनिटांत मी थंड झालो.

डॉक्टर मगदूम बाईंनी कागदावर घसा काढून दाखवला होता.
स्वरयंत्राच्या कडेवर तांदळाएवढा ठिपका.
"काढता येईल. किंवा नुसती लाईट. तेहेतीस वेळा.
केमोची गरज नाही, लवकर सापडलंय."
मेहुणा म्हणाला, केमो नाही म्हणजे भारीतला आजार नाही ना?
त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.
मी एवढंच विचारलं, काढलं तर ओरडता येईल का?
फर्नेसच्या आवाजावरून "ओत" म्हणायला
माणसाला दुसरं काय लागतं?

साडूनं चंदगडहून बाटली आणली, हिरवी, कडू वासाची.
त्याच्या गावात तिघं बरे झाले म्हणे.
सुगंधानं ती पिशवीत घालून थेट बाईंच्या टेबलावर ठेवली.
बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं.
"लाईट चालू आहे तोवर नको. नंतरही मला विचारून."
बाटली अजून कणग्यामागे आहे.
टाकवत नाही. आणणाऱ्यानं दोन एसट्या बदलल्या होत्या.

रोज सव्वादहाची केएमटी.
बाकावर तीच माणसं.
शमशुद्दीन बागवान, तीन महिन्यांतून एक इंजेक्शन,
"मिशी राहिली, तिचा रुबाब गेला," म्हणून स्वतःच हसतो.
गडहिंग्लजच्या हौसाबाई, ऑपरेशन झालेल्या,
रोज एक गोळी, पाच वर्षं.
गोळी पदराच्या गाठीत बांधून आणतात,
हरवली तर म्हणे पाच वर्षांचा हिशोब चुकायचा.
कुणाला सुरी, कुणाला सुई, कुणाला गोळी.
एकाच भट्टीचा माल, पण ज्याचा त्याचा साचा वेगळा.

आत टेबलावर जाळी चेहऱ्यावर चढते,
कट्‌, कट्‌, कट्‌, खिट्ट्या लागतात.
भिंतीतून लाल रेघ येते, जाळीवरच्या खुणेवर थांबते.
लेव्हल बघायची माझीही अशीच पद्धत होती,
फक्त माझ्याकडे दोरी होती.
मग दार बंद.
दुखत नाही. दिसत नाही. वास नाही.
आयुष्यभर लाल रस बघितलेल्या माणसाला
ही कसली भट्टी, कळत नाही.

एकविसाव्या दिवसापासून भाकरी उतरेना.
मान काळवंडली, थुंकी आटली.
सुगंधा आंबील गाळून द्यायची, कोमट,
आणि मी पिईपर्यंत भिंतीकडे बघायची.

तेहेतिसाव्या दिवशी त्या पोरीनं विचारलं,
"काका, घरी नेता का? नाहीतर टाकून देतो."
आमच्यात ओतकाम निघालं की साचा फोडतात.
वाळू चाळतात, पुन्हा वापरतात.
मी नेला. फडताळावर ठेवलाय.
नाक माझं आहे. डोळ्यांच्या जागी भोकं.
सुगंधा त्यावर फडकं टाकते, नातू काढतो.

स्कॅनला अजून दोन महिने आहेत.

काल शिरोलीला गेलो, नुसता बघायला.
लॅडल भरलेलं, पोरं उभी, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.
सवयीनं म्हणालो, "ओत."
माझं मलाच ऐकू आलं नाही.
पण राजारामच्या पोरानं माझ्या ओठांकडे बघितलं
आणि लॅडल हळूहळू कलंडायला लागलं.